पांढरं दाखवायचं फडकं

३ मार्च, सोमवार

आलो एकदाच्या. दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि ठकी. ठकी म्हणजे माझी पोरगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, तिथंच राहू दे.

ही वही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून. ठकीच्या आजारपणात मी दवाखान्यातल्या सगळ्यांशी भांडले. तेव्हा त्या म्हणाल्या, बाई, तुमचं बीपी चढतंय, ओरडायचं ते लिहून काढत जा. चौथी शिकलेली बाई मी, माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. पण वाचायचंय कुणाला.

जागा चांगली आहे. पुढं फोटोचा स्टुडिओ, मागं आमची खोली. खोलीला मोठी खिडकी, सकाळपासून ऊन. बास, मला एवढंच बघायचं होतं. आधीच्या ओल्या खोलीत पोरीचं पार पिठाचं बुजगावणं झालं होतं. आता ती उन्हात बसेल, खाईल, तोंडावर रंग येईल. त्यासाठी मी कुणाचंही झाडायला तयार आहे.

काम सोपं. झाडणं, पुसणं, गिऱ्हाइकाला बसवणं, कॉलर नीट करणं आणि पोरांना रडू नका म्हणून दटावणं. शेवटचं मला फार जमतं.

फोटोमास्तर साठीचे, काटकुळे, बोलायला मऊ. डाव्या हाताची दोन बोटं खडूसारखी पांढरी आहेत. कोड असेल. पहिल्याच दिवशी कोण विचारणार. त्यांनी एकच अट घातली. स्टुडिओत मागं पांढरा पडदा आहे, त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात एक स्टूल आहे. त्यावर बसायचं नाही, ते हलवायचं नाही, आणि तिथं झाडायच्या आधी 'आले हं' असं मोठ्यानं म्हणायचं. मी विचारलं, घुशी आहेत का? नुसते हसले. बायको गेलीय म्हणे, तिची जागा असेल. असो. माणूस एकटा राहिला की असलं काहीतरी लागतंच त्याला.

६ मार्च, गुरुवार

आज शिकवणी झाली. मास्तर ठकीला कॅमेरा दाखवत होते, मी फरशी पुसता पुसता ऐकत होते.

ते म्हणाले, फोटोत सगळ्यात अवघड रंग पांढरा. मी तिथूनच म्हटलं, पांढरं ते पांढरं, त्यात काय अवघड? मग त्यांनी माझा चहाचा पांढरा कप घेतला. खिडकीपाशी ठेवून फोटो काढला, मग पिवळ्या बल्बखाली ठेवून काढला. बल्बखालचा कप फोटोत नारिंगी आला, चहा सांडल्यासारखा. खिडकीतला निळसर. आणि मला तर दोन्हीकडे पांढराच दिसला होता! मास्तर म्हणाले, तुमचा डोळा लबाड आहे. कप पांढरा आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून उजेड कसाही असला तरी तो मनानंच दुरुस्त करून घेतो. कॅमेऱ्याला काही ठाऊक नसतं. त्याला दर उजेडात आधी पांढरं काय ते दाखवावं लागतं. ते एकदा दाखवलं की बाकीचे सगळे रंग तो त्यावरून लावतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात.

ठकीनं विचारलं, आणि चुकून दुसरंच काही दाखवलं तर? मास्तर म्हणाले, जे दाखवाल ते पांढरं. तो उलट विचारत नाही. हे सांगताना त्यांनी तो डावा हात खिशात घातला.

पांढरं म्हणून दाखवायला त्यांच्याकडे एक फडकं आहे. पुठ्ठ्यावर ताणून बसवलेलं, ताटाएवढं. वापरून झालं की पिशवीत घालून खणात. मी म्हटलं, बघू. आई गं! पिवळट, कडेला डाग, वर घामाचा वास. याला पांढरं म्हणतात! माझं पायपुसणं याच्याहून उजळ आहे.

१२ मार्च, बुधवार

ठकी काल जिना न थांबता चढली. आज आरशात बघून म्हणाली, आई, माझे ओठ लाल झाले गं. मी म्हटलं, मग काय हिरवे व्हायचे होते? पण तोंड फिरवून डोळे पुसले.

मास्तरांनी तिचा एक फोटो काढून दिला. लाल स्वेटर घालून खिडकीत बसलीय, दात दाखवतेय. खाटेजवळ चिकटवला. गालावर चांगला रंग आलाय. ती आता कॅमेऱ्याची बटणंही दाबते. दुपारी एक गृहस्थ ताजा कलप लावलेल्या केसांनी आले, कपाळावर काळा ओघळ. ठकी मला कानात म्हणाली, यांना आधी वाळत घालूया का? मी हसून हसून स्टुलाला धडकले, त्या कोपऱ्यातल्या. 'आले हं' म्हणायचं राहिलं. स्टूल गार होतं. भर उन्हाचं.

१५ मार्च, शनिवार

मास्तर बँकेत गेले होते. ते फडकं मला बघवेना. पुठ्ठ्यावरून उसवलं, साबण लावला, चांगलं घासलं. पाणी निघालं ते दुधासारखं, मळाचं काळं नाही. खळबळून काढलं, निळीच्या पाण्यात बुडवलं, कडक उन्हात वाळवलं. असं झकास निघालं की बघत राहावं. परत ताणून बसवलं, टाके घातले. सोमवारी बघतील तेव्हा खूष होतील.

१७ मार्च, सोमवार

खूष कसले.

सकाळी एक कुटुंब आलं होतं. फोटो निघाले ते सगळे पिवळे. आजोबा, नातू, सून, सगळ्यांना कावीळ. सून म्हणाली, आम्ही काय हळकुंडं आहोत का? मास्तरांनी खण उघडला, फडकं काढलं आणि नाकाला लावलं. मग खाली बसले.

मी सांगून टाकलं, मीच धुतलं, नीळ घातली. चूक कळलीही मला. निळसर फडकं कॅमेऱ्यानं पांढरं धरलं, मग ती निळाई मारायला त्यानं सगळ्यांवर पिवळं ओतलं. मी म्हटलं, बिननिळीचं परत धुते, त्यात काय. मास्तर म्हणाले, बाई, प्रश्न निळीचा नाही. ते धुवायचं नव्हतं.

बायकोच्या शेवटच्या आजारातल्या चादरीचा तुकडा होता म्हणे तो. मला वाईट वाटलं. पण मग सांगायचं ना तसं! मला स्वप्न पडणार होतं का?

ते आजच बहिणीकडे गेलेत. बायकोचं एखादं न धुतलेलं कापड तिच्याकडे राहिलंय का बघायला. जाताना मला दोनदा बजावलं, मी येईपर्यंत एकही फोटो नाही. आणि त्या कोपऱ्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले. मला वाटतं, माफी मागत होते.

१८ मार्च, मंगळवार

आज एक ड्रायव्हर आला. लायसनला फोटो हवा, आजचा शेवटचा दिवस, दुसरा स्टुडिओ बंद. गयावया करत होता. ठकी म्हणाली, मला येतं, आई. मी म्हटलं, काढ मग, मास्तरांना कोण सांगतंय.

पण पांढरं दाखवल्याशिवाय कॅमेरा पुढं जाईना. धुतलेलं फडकं दाखवलं. काल ते घेतलं होतं, आज 'नाही' असं लिहून आलं. कोरा कागद दाखवला. नाही. माझा कप, उशीचा अभ्रा, भिंत. नाही, नाही, नाही. ड्रायव्हर घड्याळ बघतोय. मी वैतागले. ठकीला म्हटलं, तू जा बरं समोर उभी राहा, मेल्याला माणूस तरी दिसतं का बघू. ती कॅमेऱ्याच्या पार जवळ तोंड नेऊन वेडावून दाखवायला लागली. सगळ्या काचेत तिचंच तोंड. मी बटण दाबलं.

टिंग. 'झालं.'

आम्ही दोघी खूप हसलो. ड्रायव्हरचा फोटो काय आला म्हणून सांगू! रापलेला माणूस, पण कातडीवर असं तेज की नवरदेव वाटावा. तो जाताना ठकीच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

२१ मार्च, शुक्रवार

ड्रायव्हरनं सगळ्या स्टँडला सांगितलेलं दिसतंय. रांग लागलीय. मास्तर अजून नाहीत, आम्हीच काढतोय. कुणाचाही फोटो काढा, माणूस ताजं, टवटवीत. एक आजी आल्या होत्या, चार दिवसांच्या सोबती वाटाव्या अशा. फोटोत गालावर गुलाबी. बघून म्हणाल्या, ही मी नाही, ही मी लग्नाआधीची.

पांढरं परत दाखवावंच लागत नाही. कॅमेऱ्यानं ते धरूनच ठेवलंय.

ठकी दमते. जेवण अर्धं टाकते. रांग संपली की आराम कर म्हटलंय.

२४ मार्च, सोमवार

ड्रायव्हर जास्तीच्या प्रती न्यायला आला. दारातच थबकला. मला बाजूला घेऊन म्हणाला, मावशी, पोरीला काय झालंय? मी म्हटलं, काय व्हायचंय, चांगली आहे की. तो म्हणाला, तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसत नाही.

मी तडकले. मग खोलीत गेले, ठकीला त्या खाटेजवळच्या फोटोशेजारी उभं केलं.

देवा.

ओठ नाहीत. म्हणजे आहेत, पण रंग नाही. भुवया राखेसारख्या. आणि अंगात तोच लाल स्वेटर. तो गळ्यापासून बाह्यांपर्यंत पांढरा. रोज माझ्या डोळ्यासमोर होती. रोज तिला मी वाढत होते. माझा डोळा मनानंच दुरुस्त करून घेत होता.

२५ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. चांगलं आहे म्हणाल्या. सुई टोचली तेव्हा मी बघत होते. नळीत आलं ते लाल होतं, मग मी बघता बघता ताकासारखं झालं. त्यांना लालच दिसलं, रक्त लाल असतं हे त्यांच्या डोळ्याला ठाऊक. चष्मा बदला म्हणाल्या मला.

२६ मार्च, बुधवार

मास्तर आले. हात हलवत. बहिणीनं सगळे कपडे कधीच वाटून टाकलेत.

ठकीला बघितलं आणि काही न विचारता म्हणाले, तिला दाखवलंत.

मग सगळं सांगितलं. त्यांनी बायकोला दाखवलं होतं. घाईत, फडकं सापडेना म्हणून, थट्टेथट्टेत. तू गोरी आहेस, चालशील, असं म्हणाले होते. फोटो असे निघाले की गावभर नाव झालं. मग थांबवलं नाही. बाकी सगळ्यांचा रंग तिच्यावरून लागत होता. तो तिच्यातूनच जात होता. ती मेलेली नाही, बाई, असं म्हणाले. ती त्या स्टुलावर आहे. फक्त दिसत नाही. तिच्या चादरीचा तुकडा दाखवला की कॅमेऱ्याला तेवढं पुरायचं. घाम होता त्यात, वास होता. त्याच्या जिवावर तो गप्प होता, कुणा माणसाला मागत नव्हता.

तोच मी धुतला.

मी हातोडी आणली. ते म्हणाले, फोडा. मीही माझा पहिला कॅमेरा विहिरीत टाकला होता. नवीन आणला तोही तिलाच पांढरं म्हणत होता. आणि आता फोटो काढा, नका काढू, एकदा ठरलं ते ठरलं.

मी फोडलाच. सगळा चुरा केला.

२८ मार्च, शुक्रवार

स्टुडिओ बंद. काही फरक नाही. हिरवी ओढणी दिली, जेवणापर्यंत पांढरी. काजळ घातलं, टिकलं नाही. कपाटापुढं उभी राहिली की कपाटावर ऊन पडल्यासारखं दिसतं. तीच ठकी. बाकीकडे तेही नाही. आवाजावरून शोधते मी. आई, इकडं, म्हणते, हसते. रडत असावी. दिसत नाही ना.

३० मार्च, रविवार

आता ती म्हणते, तिलाही मी नीट दिसत नाही. सगळीकडे नुसता उजेड आहे म्हणते. घर नाही, खाट नाही, मी नाही.

एकच दिसतं म्हणते. एक बाई. स्टुलावर बसलेली.

३१ मार्च, सोमवार

नीळ आठवली. तिनंच बिघडवलं, तिनंच सुधारतंय का बघू. पाण्यात नाही, नुसती कोरडी नीळ चोळली तिच्या हातांना, कोपरापर्यंत. टिकली! दोन निळे हात. सकाळभर खिडकीत ते हात वेणी घालत होते. केस दिसत नव्हते, हातच नुसते वरखाली. मी जवळ बसून बघितलं. घास भरवला. घास मध्येच नाहीसा होतो.

तरी बरं वाटलं. हात होते.

१ एप्रिल, मंगळवार

डावा गेला. नीळ लावते ती बसत नाही, खाली भुकटी पडते. उजवा आहे अजून.

ती बाई उठून उभी राहिलीय म्हणते ठकी. हात पुढं करते म्हणे.

मास्तरांना सांगितलं. ते पांढरे पडले, आपले साधेच. म्हणाले, तिकडं जाऊ देऊ नका. ती इतकी वर्षं एकटी आहे. हाताला लागलं ते सोडत नाही. मग ती दोन बोटं दाखवली. कोड नाही. त्यांनी एकदा हात धरू दिला होता. सोडवून घेतला तो असा.

ठकीला म्हटलं, कोपऱ्याकडं जायचं नाही. ती म्हणाली, कोपरा कुठं आहे तेच कळत नाही, आई. सगळं सारखंच.

२ एप्रिल, बुधवार

ठरलं. तिला ती बाई दिसते, कारण ती तसली. मग मी तसली झाले की मीही दिसेन. निदान पोरीजवळ असेन. हात धरायला माझाच हात असेल.

मास्तरांना नवा कॅमेरा आणायला लावला. नको नको म्हणत होते. मी म्हटलं, बायकोच्या वेळी धीर झाला नाही ना तुम्हाला? मग आता बटण तरी दाबा. वाईट बोलले मी. कॅमेऱ्याच्या पार जवळ तोंड नेलं, आणि त्यांनी दाबलं.

टिंग.

ठकीला सांगितलं, थांब, येते मी. थोडी कळ काढ. खाटेवरून हलू नकोस.

४ एप्रिल

मी पटकन जातेय. नखं गेली. लुगडं गेलं. वय झालंय, रंगच मुळात किती होता.

ठकी विचारते, आई आलीस का. म्हटलं, येतेय. ऐकू जातं का कळत नाही — उत्तर दुसरंच देते.

५ एप्रिल

भिंती विरघळल्यात. उजेड. डोळे मिटले तरी तोच. वही पोटाशी धरून लिहितेय, ओळीवर ओळ पडत असेल.

स्टूल दिसतं मला आता. रिकामं आहे.

रिकामं —

ठकी हाका मारतेय. मी ओरडते, तिला ऐकू जात नाही. माझ्या तोंडातून आवाज निघतो तो मलाच —

आज

निळा हात दिसला! अगदी समोर. बोटं चाचपडतायत. मी इथं, पोरी, इथं खाली, तुझ्या डाव्या अंगाला. अजून पुढं. अजून थोडा —

थांबली.

हात थांबला. मिटला. काहीतरी धरलंय तिनं. निळीवर चार बोटांचे पांढरे वळ उठतायत.

हसतेय. इतक्या दिवसांनी हसतेय. म्हणते, सापडलीस गं आई, किती गार पडलेत तुझे हात.

ठके सोड. सोड ते. मी इकडं आहे, तो माझा ना